उलट्या हाताने चाक पाहणारे भाऊजी

आमच्या भाऊजींनी कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा सरळ हात लावलेला मी कधी पाहिला नाही. आधी उलटा हात, मग सरळ. तापानं फणफणलेलं लेकरू असो, नुकताच बंद केलेला पाण्याचा पंप असो, की शेजारच्यांनी हौसेनं आणलेला नवा मिक्सर असो, भाऊजी बोटं सैल सोडून त्यांची मागची बाजू हलकेच टेकवायचे, डोळे बारीक करायचे, आणि मग एक तर पसंतीची मान हलवायचे, नाहीतर म्हणायचे, “थांब वं.” मान हलल्याचे प्रसंग मला फार आठवत नाहीत. “थांब वं” मात्र कानात बसलंय.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर गेली. तो पट्टा रोलरांवरून सरकतो, आणि एखादा रोलर आतून बिघडला की गरम होतो. कोळशाच्या शेजारी काही गरम राहणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. म्हणून पट्टा थांबला की भाऊजी कडेकडेनं चालत जायचे आणि एकेका रोलरला उलटा हात लावून बघायचे. “तळवा भाजला तं पाना कायनं धरशीन? मागून भाजलं तं चालते,” असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाले, वसाहतीतलं घर सुटलं, खापरखेड्यातच रस्त्याला लागून स्वतःचं बांधलं. पण तो हात काही निवृत्त झाला नाही.

दुसरी त्यांची सवय म्हणजे एक प्रश्न. “लोडवर चालवून पाह्यलं का?” मशीन रिकामं फिरलं म्हणजे चाललं असं नाही, भार टाकल्यावर फिरलं तर चाललं, हे त्यांच्या कामावरचं शास्त्र. ते त्यांनी घरात आणलं. ताईनं नवा कुकर घेतला आणि मूठभर तांदूळ लावून शिट्टी करून दाखवली, तर हे म्हणाले, “मूठभर तांदळावर कुकर पास करतं का? पुरा भर.” त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं खिचडी खाल्ली. त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा आला, पोहे खाऊन गोड गोड बोलला, आम्ही बायका खूश. भाऊजी म्हणाले, “चहा पिऊन कोणीबी गोड बोलते. लोडवर पाहू.” घराचं बांधकाम सुरू होतं. पोराला म्हणाले, जरा हात लावता का, आणि विटांचा ट्रक रिकामा करायला लावला. पोरगं घामानं निथळलं, पण चेहरा वाकडा केला नाही. पास झालं. जावईबुवा आता पुण्याला असतात, विटांचं नाव काढलं की अजून पाठ चोळतात. गल्लीतली पोरं भाऊजींना माघारी “लोडवाले” म्हणायची, आणि त्यांना ते माहीत होतं.

आता कोणी म्हणेल, मोठे जाणते होते. तसंही नाही, बाप्पा. त्यांची निम्मी काळजी फुकाची असायची. छताचा पंखा पडेल म्हणून ते कधी पंख्याच्या खाली सरळ झोपले नाहीत. त्यामुळं त्यांच्या घरातली एकूण एक खाट तिरपी. पाहुणे आले की भिंतीकडं पाय करून कोपऱ्यात झोपायचे. ताई म्हणायची, “तुमच्या भेवापाई माह्या घरात एक खाट सरळ नाही. लोकं म्हणतात, भूकंप झाला का बाई तुमच्याकडं?” भाऊजी ऐकून घ्यायचे आणि झोपायच्या आधी पुन्हा एकदा पंख्याकडं बघायचे.

माझे यजमान गेले तेव्हा माझी प्रणाली शाळेत होती. तेव्हापासून तिची काळजी भाऊजींनी आपल्या खात्यात घेतली, न सांगता. ती नर्स झाली आणि पारशिवनीच्या दवाखान्यात लागली, तेव्हा आम्ही राहत होतो नागपुरात, इंदोऱ्याला. काही दिवस एसटीनं गेली. पण पाळ्यांची नोकरी, वेळी-अवेळी सुटायची. शेवटी तिनं कार घेतली. नवी कोरी, पांढरी, त्या कंपनीची सगळ्यात साधी.

गाडी आणायला घरच्या सगळ्यांसोबत भाऊजीही होते. शोरूमवाल्या पोरानं कौतुकानं चार लिंबं आणून चाकांखाली ठेवली. आम्ही जयभीमवाले, आमच्यात हे नाही, पण नवी गाडी, नवा माणूस, मी अडवलं नाही. भाऊजी वाकले आणि एकेक लिंबू उचलून त्याच्या हातात दिलं. “याचं सरबत करून पाज गा पोरीले, उन्हाची आली आहे. अन् गाडी रिकामी काहून दाखवून राहिला? पाच माणसं बसव.” मग आम्हीच पाच जणं दाटीवाटीनं बसलो आणि थेट दीक्षाभूमीवर गेलो. उतरल्यावर सगळे वंदनेला आत गेले, भाऊजी मागं राहिले. वळून बघते तर ते चाकाशी वाकलेले, उलटा हात लावून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नवं काम सुरू झालं. इंदोऱ्याहून कोराडी, कोराडीहून खापरखेडा, पुढं पारशिवनी. म्हणजे पोरगी रोज त्यांच्या दारावरूनच जायची. भाऊजी फाटकाशी उभे. हात आडवा. गाडी थांबली की चारही चाकांना उलटा हात, एकदा खाली वाकून बघायचं, मग बोनेटवर थाप. ती गेली की मला फोन: “सुमन, गाडी पास.” एवढंच. संध्याकाळी परत आली की पुन्हा तेच. प्रणाली सुरुवातीला चिडायची. “आई, हा काय चेकनाका आहे का? माझी पाच मिनिटं जातात.” पण मला, खरं सांगते, त्या दोन शब्दांवाचून घास उतरत नव्हता. तुम्ही तो रस्ता पाहिला असेल तर समजेल. वीज केंद्राचे कोळशाचे ट्रक, राखेचे ट्रक, त्यांनी पाडलेले खड्डे, आणि मधून माझ्या पोरीची ती पांढरी डबी.

चाकांचं प्रकरण निघालं ते या रस्त्यामुळंच. साध्या गाडीला चाकं असतात लोखंडी काळी, आणि ती झाकायला वरून प्लास्टिकची चंदेरी झाकणं. एका खड्ड्यात एक झाकण उडालं ते सापडलंच नाही. “आई, दात पडल्यासारखी दिसते गं,” प्रणाली म्हणाली. मग तिच्या डोक्यात आलं की झाकणं कशाला, चाकंच बदलू. दवाखान्यातल्या दुसऱ्या सिस्टरच्या गाडीला ती चकचकीत आऱ्यांची चाकं होती, अलॉय म्हणतात त्यांना. हिलाही तशीच पाहिजेत, काळी, तकाकी असलेली, जरा मोठी.

मी धास्तावले. चाक म्हणजे गोल असलं की झालं, असं मी इतकी वर्षं समजत होते. मोबाईलवर बघायला बसले तर एकेक माणूस एकेक भीती घालत होता. एक म्हणे मोठं चाक घ्या, रस्ता चांगला धरतं. दुसरा म्हणे मोठं चाक घ्याल तर टायर पातळ होतो, खड्ड्यात आपटला की थेट चाकालाच तडा. तिसरा म्हणे चाकाची भोकं जुळली तरी मधलं मोठं भोक जुळत नाही, मग गाडी थरथरते. चौथ्यानं तर रस्त्यात निखळून पडलेलं चाकच दाखवलं. मी भाजी तशीच टाकून भाऊजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना तरी काय माहीत होतं? आयुष्यभर सायकल आणि मग लुना. मग म्हणाले, “थांब वं. मी येतो.”

दुकान सीताबर्डीच्या पलीकडं होतं. आम्ही निघालो तेव्हा माझ्या शेजारच्या कांताबाईही गाडीत बसल्या, त्यांना बर्डीवर साडीचा फॉल घ्यायचा होता. खापरखेड्याहून ताई-भाऊजी आले होते आणि भाऊजींनी डिकीत गव्हाचं एक पोतं टाकलं होतं. मला वाटलं, आमच्यासाठी आणलं. कसलं काय.

दुकानदाराला सगळे बंटी म्हणायचे. भिंतभर चाकं टांगलेली, भांड्यांच्या दुकानासारखी. प्रणालीनं एकावर बोट ठेवलं. बंटीनं ते उतरवलं, पुसलं, फिरवून दाखवलं.

“हे चाक कोण्या लोडवर पास झालं गा?” भाऊजींनी विचारलं.

“काकाजी, एकदम मजबूत माल आहे. तुमी डोये मिटून लावा.”

“डोये मिटूनच लावाचं असतं तं पाहाले काहून आलो असतो?”

बंटी हसला. चांगला माणूस होता तो, चिडला नाही. म्हणाला, लावून दाखवतो, पसंत नसली तर काढू. चारही चाकं लागली आणि खरंच सांगते, गाडीचं रूपच पालटलं. प्रणालीचा चेहरा असा उजळला की मी मनातल्या मनात म्हटलं, घेऊनच टाकू, होईल ते होईल. बंटीनं गाडी दुकानापुढं फिरवून आणली. काही आवाज नाही, काही नाही.

“रिकामी फिरली,” भाऊजी म्हणाले. “आता लोडवर फिरव.”

आणि त्यांनी आम्हाला मागं बसायला लावलं. ताई, मी आणि कांताबाई. आम्ही तिघी काही काटकुळ्या नाही. डिकीत गहू. पुढं बंटी, गाडी चालवायला प्रणाली.

“मी तं फॉल घ्याले आली होती, माय,” कांताबाई कुरकुरल्या. “मले कायले वजनावर घालता?”

“वजन नाही वं, लोड,” ताई म्हणाली. “बस गुमान. मी चाळीस वर्षं बसली आहे.”

भाऊजी बाहेर. चाकाशी कान लावून चालत होते, धोतराचा सोगा धरावा तसा पँटचा पाय वर धरून. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. प्रणालीनं स्टीअरिंग पुरतं वळवलं, गतिरोधकावर गाडी चढवली, आणि उतरताना मागून आवाज आला. खर्रर्र. आम्हा तिघींच्या बुडाखालून.

“थांब वं!”

बंटी उतरला, मोबाईलचा उजेड टाकून वाकून बघितलं. टायर वरच्या पत्र्याच्या कडेला घासत होता. “थोडं लागते,” तो ओशाळून म्हणाला. “पण काकाजी, एवढे लोक रोज थोडीच बसते!”

“ज्या दिवशी बसतीन त्या दिवशी मी संग राहीन का?” भाऊजी म्हणाले.

मग बंटीनंच दुसरी चाकं काढली. काळीच, पण मूळ मापाची, बाहेर न येणारी, जाड टायर बसणारी. मधल्या भोकाला नीट बसणारी एक कडी, आणि या चाकांना लागणारे वेगळे नट. प्रणाली जराशी हिरमुसली, पण पुन्हा आम्ही तिघी आणि गहू बसून फेरी झाली तेव्हा काही वाजलं नाही, आणि कांताबाईच म्हणाल्या, “घे बाई हेच, नाहीतर मले अजून बसवतीन.” बंटीनं मशीननं नट आवळले आणि सांगितलं, “थोडी चालवून आणा, मी एकदा फिरून चेक करून देतो. घरी कोणी हात नका लावू. जादा टाइट बी खराबच.”

त्यातलं भाऊजींच्या कानात गेलं ते फक्त ‘एकदा फिरून चेक’.

बंटीकडं तो चेक झाला. तरी त्या रविवारी आम्ही खापरखेड्याला गेलो तर भाऊजी माळ्यावरून लोखंडी पाइप काढून बसलेले. प्रत्येक नटाला पाना लावायचा, पान्याच्या दांड्यात पाइप घालायचा आणि त्या पाइपवर दोन्ही पायांनी उभं राहायचं, भिंतीला हात टेकून. ताई ओरडली, “त्या नटाचा जीव घेता का?” ते म्हणाले, “ढिल्या नटानं माणसाचा जीव जाते.” ते खरंच होतं त्यांच्यापुरतं. पट्ट्यावर एकदा ढिल्या नटामुळं एक रोलर खाली आला होता आणि त्यांच्या जोडीदाराचा पाय कायमचा अधू झाला होता. भाऊजींची त्यात काही चूक नव्हती, पण तो माणूस लंगडत बाजारात दिसला की ते रस्ता बदलायचे. त्यामुळं आम्ही कोणी त्यांना खाली उतरवलं नाही. मला तर बरंच वाटलं, घट्ट असलेलं.

मे महिना आला. मी ताईकडं गच्चीवर कुरोड्या वाळत घालायला गेले होते. प्रणालीची दुपारची पाळी. ती दारावरून गेली, भाऊजींनी चाकं पाहिली, बोनेटवर थाप मारली आणि मी तिथंच होते म्हणून फोन न करता नुसतं माझ्याकडं बघून म्हणाले, “गाडी पास.” आम्ही गच्चीवरून उतरून पाणी पीत होतो तेव्हा तिचा फोन आला.

“आई, टायर बसला. राखेच्या तलावाच्या पुढं. मी चाक बदलून राहिली, पण नट हलतच नाही.”

चाक बदलायला तिला भाऊजींनीच शिकवलं होतं, गाडी आली त्याच आठवड्यात, अंगणात. ते माझ्या शेजारीच उभे होते. फोनमधलं त्यांना ऐकू आलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ते तडक आत गेले आणि पाइप घेऊन आले.

शेजारच्याच्या ऑटोनं आम्ही निघालो, पाण्याच्या बाटल्या, ओला दुपट्टा घेऊन. तुम्हाला आमचं मे महिन्यातलं ऊन सांगायला नको. रस्त्यावर झाड नाही, हॉटेल नाही, आणि वाऱ्याबरोबर राख उडतेय. वाटेत पोरीचा फोन लागेना. भाऊजी ऑटोच्या दांडीला धरून बाहेर वाकले होते, “जोरानं घे गा, जोरानं,” म्हणत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मी ‘जोरानं’ ऐकलं.

पोहोचलो तर प्रणाली गाडीच्या सावलीत जमिनीवर बसलेली, तोंड लाल झालेलं, ओठ सुकलेले. एक राखेचा ट्रक बाजूला थांबला होता आणि त्याचा ड्रायव्हर पान्याशी झटत होता. ज्या ट्रकांच्या नावानं मी रोज बोटं मोडली, त्यातलाच तो एक. पाना निसटून त्याचा हात सोलवटला होता, नटाचे कोपरे झिजून गेले होते. आम्हाला बघून तो उठला आणि घाम पुसत म्हणाला, “किसने टाइट किया यार इसको? मारना था क्या लड़की को?”

“मैंने,” भाऊजी म्हणाले.

तो माणूस पाना त्यांच्या हातात देऊन बाजूला झाला. भाऊजींनी पाइप लावला आणि त्यावर उभे राहिले. हलेना. मग तो ड्रायव्हरही चढला. दोघे एका पाइपवर, एकमेकांच्या खांद्याला धरून. कट्ट करून आवाज झाला, आणि नट नाही, नट ज्यावर बसतो तो बोल्टच तुटला. बाकीचे तीन कसेबसे निघाले. डिकीतलं जादा चाक तीन नटांवर बसवून ड्रायव्हरनं गाडी हळूहळू खापरखेड्यापर्यंत आणून दिली. त्याचा ट्रक मागं उन्हात उभा होता. म्हणून तो चहाही न घेता परत गेला.

प्रणालीला ऊन लागलं होतं. उलट्या, ताप, डोळे उघडेनात. ती ताईकडंच पडून राहिली. आम्ही बहिणी कैरीचं पन्हं पाजत होतो, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होतो. आणि भाऊजी बाहेर दाराशी खुर्ची टाकून बसले होते. ताप उतरला का म्हणून विचारायचे, पण आत यायचे नाहीत. हयातभर ज्या माणसानं गल्लीतल्या प्रत्येक लेकराचा ताप उलट्या हातानं पाहिला, त्यानं तिच्या कपाळाला हात लावला नाही.

ती बरी झाली, बंटीनं नवा बोल्ट टाकून दिला, ड्युटी सुरू झाली. आणि माझा फोन वाजला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या दिवशी ताईला विचारलं. “गाडीचा आवाज आला की मागच्या अंगणात जाऊन बसतात,” ती म्हणाली. “जेवतबी नाहीत धड.” मी भाऊजींना फोनवर बोलावलं, तर “तुह्या ताईले सांग काय ते,” म्हणून त्यांनी फोन तिच्याकडं दिला. माझ्या सकाळी मोठ्या वाईट गेल्या त्या. पोरगी फाटकापर्यंत पोहोचली की नाही, पुढं निघाली की नाही, कोण सांगणार? दवाखान्यात पोहोचून तिचा निरोप येईपर्यंत मी घरातल्या घरात फेऱ्या घालायची. चूक त्यांची झाली होती, पण भीती मात्र ते नसल्यामुळं वाटत होती, हे कसं सांगू कोणाला?

मग एके सकाळी काय झालं, ते मला प्रणालीनं आणि ताईनं, दोघींनीही सांगितलं. प्रणालीनं गाडी फाटकाशी थांबवली आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. गल्ली गोळा झाली. शेवटी भाऊजी बनियनवर बाहेर आले.

“काहून बोंबलून राहिली वं?”

“गाडी पास करा, मावसाजी.”

“मी नाही करत. दुसऱ्या कोणाले सांग. माह्या हातानं उन्हात मेली असती तू.”

“मग मी बी नाही जात. तिकडं पेशंट वाट पाहून राहिले, पाहू द्या.”

भाऊजी जमिनीकडं बघत म्हणाले, “मले भेव वाटे वं. त्या पाइपवर चढलो तं पाय खाली येतच नव्हता. वाटे, अजून थोडं, अजून थोडं.”

“मले बी वाटते भेव,” प्रणाली म्हणाली. माझी पोरगी एरवी शुद्ध बोलते, पण मावसाजींशी त्यांच्याच बोलीत. “रोज वाटते. त्या ट्रकांच्या मधून जाताना तं लयच वाटते. तुमी चाकाले हात लावता ना, तं पारशिवनीपर्यंत पुरते मले ते.”

त्या सकाळी माझा फोन वाजला. “सुमन,” भाऊजी म्हणाले, “गाडी पास.” मी कणकेच्या हातानं तशीच खाली बसले.

त्यानंतर पान्याला त्यांनी कधी हात लावला नाही. पाइप बंटीला नेऊन दिला. “हे ठेवून घे गा, माह्या घरी नको,” म्हणाले. बंटीनं तो दुकानात टांगलाय, चाकांच्या मध्ये. नट मशीननं बंटीच बघायचा, भाऊजी नुसता हात लावायचे. लावताना आता विचारायचे, “जास्त घट्ट तं नाही नं वं?” जणू चाकाला विचारत होते.

यंदाच्या थंडीत त्यांची छाती भरून आली. कोळशाची जुनी धूळ होती ती, डॉक्टर काही वेगळं नाव सांगत होते. नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं. प्रणाली रजा घेऊन त्यांच्याजवळ बसायची. एका दुपारी डोळे उघडून त्यांनी विचारलं, “आज गाडी कोणं पास केली?”

“मी सुट्टीवर आहे, मावसाजी. गाडी खाली उभी आहे.”

“उभी आहे,” ते म्हणाले. “लोडवर नाही. मंग ठीक आहे.”

मग त्यांनी हात उचलला. सुया टोचून काळानिळा झालेला, उलटा. बोटांची मागची बाजू तिच्या गालाला लावली, डोळे बारीक केले, आणि मान हलवली. मी आणि ताई पायथ्याशी उभ्या होतो. दोन दिवसांनी ते गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, जावईबुवा पुण्याला गेले. सोमवारी प्रणाली पुन्हा ड्युटीवर निघाली. मी भाजी चिरायला घेतली. कोराडी आलं असेल. आता खापरखेडा. आता ते फाटक. आता तिथं कोणी हात आडवा करणार नाही, आणि ती सरळ पुढं जाईल. सुरी हातात तशीच राहिली.

फोन वाजला. पडद्यावर नाव भाऊजींचं.

“सुमे,” ताईचा आवाज होता. धाप लागलेली. “चारही पाह्यले वं. उलट्याच हातानं. पुढचं डावं मले जरा गरम वाटलं, तं थांबवलं तिले, निवू देलं. मंग सोडली.” आणि मग ती म्हणाली, “गाडी पास.”

चाळीस वर्षं या माणसाच्या भीतीला हसलेली माझी बहीण ही. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “ताई, घर आवरलं का? खाटा सरळ करून घेतल्या का आता?”

“राहू दे,” ती म्हणाली. “पंख्याचा काय भरोसा.”